सेलममधल्या फाशी थांबल्या, पण लोक शहाणे झाले म्हणून नव्हे

प्रश्न थोडक्यात असा: 1692 साली मॅसॅच्युसेट्स या अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीतल्या सेलममध्ये चेटकीण किंवा चेटक्या ठरवून 19 जणांना फासावर चढवलं, शेदीडशे माणसं तुरुंगात डांबली आणि मग काही महिन्यांत सगळं एकदम बंद पडलं. ही कडवी प्युरिटन (कडक आचाराच्या प्रोटेस्टंट पंथाची) माणसं अचानक शहाणी कशी झाली?

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. अठ्ठावीस वर्षं फौजदारी वकिली करतोय. सेलमच्या खटल्यांचे बरेच मूळ कागद टिकून आहेत: वॉरंटं, जबान्या, अर्ज, अगदी तुरुंगाची बिलंसुद्धा. ते वाचायचा मला नाद आहे, म्हणून हे उत्तर वकिलाच्या नजरेचं आहे असं समजा.

ती माणसं शहाणी वगैरे काही झाली नाहीत. या खटल्यांसाठी नेमलेलं विशेष कोर्ट ऑक्टोबर 1692 अखेर बरखास्त झालं आणि त्यानंतर दीडेक महिन्यात, डिसेंबरमध्ये, त्याच वसाहतीच्या विधिमंडळाने चेटकाविरुद्ध नवा कायदा केला. शिक्षा मृत्यूचीच. म्हणजे चेटूक असतं, सैतान माणसांशी करार करतो, यावरचा विश्वास जागच्या जागी होता. बदललं ते वेगळंच: पुरावा कशाला म्हणायचं, आणि नाही म्हणायची ताकद असलेल्या माणसांच्या दारापर्यंत आरोप कधी पोचला.

(जाता जाता: सेलममध्ये कुणालाही जाळलं नाही. इंग्लिश कायद्यात चेटकाला फाशी होती. जाळण्याची चित्रं युरोप खंडातली.)

मुळात 1692 हे वर्ष तिथल्या रीतीला अपवाद होतं. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या इंग्रज वसाहतींमध्ये, चेटकाचे आरोप आधीही व्हायचे. कनेक्टिकटमध्ये 1647 साली अ‍ॅल्स यंगला फाशी झाली. बॉस्टनमध्ये 1656 साली अ‍ॅन हिबिन्स या प्रतिष्ठित घरातल्या विधवेला झाली. 1662-63 मध्ये हार्टफर्डला आरोपांची लाटच आली होती. पण त्यानंतर न्यायाधीश आणि गव्हर्नर मंडळी सावध झाली. कनेक्टिकटमधल्या कॅथरिन हॅरिसन या आरोपीच्या प्रकरणात, 1670 च्या सुमाराला, पाद्र्यांनीच मत दिलं की एकाच कृत्याला दोन साक्षीदार हवेत. एकाने एक प्रसंग सांगायचा, दुसऱ्याने दुसरा, आणि कोर्टाने त्यांची बेरीज करायची, असं चालणार नाही. 1680 साली न्यूबरीच्या एलिझाबेथ मोर्सला ज्युरीने दोषी ठरवलं, पण गव्हर्नर ब्रॅडस्ट्रीटने फाशी अमलात येऊ दिली नाही. शेजारीपाजारी ‘ही चेटकीण आहे’ म्हणत राहायचे आणि कोर्ट ‘असेल, पण शाबीत झालेलं नाही’ म्हणायचं.

म्हणून ‘थांबलं का’ या प्रश्नाआधी ‘हा लगाम सुटला कसा’ हे पाहायला हवं. 1684 मध्ये वसाहतीची सनद, म्हणजे तिला राज्यकारभाराचा हक्क देणारा राजाचा दस्तऐवज, रद्द झाली. लंडनने बसवलेला गव्हर्नर अँड्रॉस याला लोकांनी 1689 मध्ये उचलून तुरुंगात टाकलं. पुढची तीन वर्षं तिथलं सरकार कायद्याने कुठल्या पायावर उभं आहे हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. उत्तरेला मेनच्या सरहद्दीवर वाबानाकी (तिथले मूळ रहिवासी) आणि फ्रेंचांशी लढाई चालू, जळालेल्या गावांतून निर्वासित खाली येताहेत. अशात 1692 च्या थंडीत सेलम व्हिलेजचे पाद्री सॅम्युएल पॅरिस यांच्या घरातल्या दोन मुलींना, 9 वर्षांची बेटी आणि 11 वर्षांची अ‍ॅबिगेल, झटके येऊ लागले. नवी सनद घेऊन गव्हर्नर सर विल्यम फिप्स मे महिन्यात पोचला तेव्हा तुरुंग भरलेले होते. त्याने घाईघाईने खास कोर्ट नेमलं आणि प्रमुख केलं लेफ्टनंट गव्हर्नर विल्यम स्टॉटन याला. स्टॉटन कायदा शिकलेला नव्हता, धर्मशास्त्र शिकलेला होता. माझ्या मते सगळ्यात महागात पडलेली नेमणूक हीच.

आता छायेचा पुरावा. इंग्रजीत त्याला ‘स्पेक्ट्रल एव्हिडन्स’ म्हणतात. झटके येणारी मुलगी कोर्टात ओरडते: ही बघा, हिची छाया मला चिमटे काढतेय, छताच्या तुळईवर बसलीय. आरोपी बाई समोर हात बांधून उभी. छाया फक्त त्या मुलीला दिसते. आता उलटतपासणी कशाची घ्यायची? आम्हा वकिलांचं हुकमी हत्यार म्हणजे ‘माझा अशील त्या वेळी तिथे नव्हताच’. इथे ते बोथट. बाई घरी झोपली होती हे दहा जणांनी शपथेवर सांगितलं तरी उपयोग शून्य, कारण आरोप तिच्या शरीरावर नाहीच, छायेवर आहे.

यातला कळीचा मुद्दा धर्मशास्त्राचा होता: निरपराध माणसाचं रूप सैतान घेऊ शकतो का? स्टॉटनचं म्हणणं होतं की देव तसं होऊ देणार नाही. ज्याची छाया दिसते त्याने सैतानाला परवानगी दिलेली असणारच. हे एकदा मान्य केलं की खटला संपला.

याचं उत्तर 2 मे रोजीच दिलं गेलं होतं, आणि ते दिलं एका आरोपीने. सुझॅना मार्टिन, एम्सबरीची सत्तरीतली विधवा. तुझी छाया या मुलींना का छळते, असं मॅजिस्ट्रेटने विचारल्यावर ती म्हणाली की जो शमुवेलाच्या रूपात आला, तो कुणाच्याही रूपात येऊ शकतो. संदर्भ बायबलमधला: एन-दोर गावची मांत्रिक बाई राजा शौलासाठी मेलेल्या संदेष्ट्या शमुवेलाला वर बोलावते, ती गोष्ट. प्युरिटन पंडितांच्या मते तिथे आलेला शमुवेल नव्हताच, त्याच्या रूपातला सैतान होता. मग संताचं रूप घेता येतं तर एम्सबरीच्या विधवेचं का नाही? बिनतोड युक्तिवाद. 19 जुलैला तिला फाशी दिलं.

तिच्या त्या उत्तरानंतर पाच महिन्यांनी, 3 ऑक्टोबरला, हार्वर्ड कॉलेजचे अध्यक्ष आणि बॉस्टनचे वजनदार धर्मोपदेशक इन्क्रीस मॅदर यांनी जमलेल्या पाद्र्यांपुढे आपला निबंध वाचला. सैतान निरपराधाचं रूप घेऊ शकतो, त्यामुळे छायेवरून शिक्षा देऊ नये, असं त्यात होतं. दहा संशयित चेटकिणी सुटल्या तरी चालतील, पण एका निरपराधाला शिक्षा नको, हेही त्यांचंच. ‘शंभर गुन्हेगार सुटले तरी चालतील’ हे आपण ज्या चालीवर म्हणतो, तीच चाल. युक्तिवाद सुझॅनाचाच होता, फक्त आता तो बोलणाऱ्याला फाशी देता येत नव्हतं.

मॅदरना फार मोठं करायचीही गरज नाही. याच निबंधाच्या शेवटी त्यांनी न्यायाधीशांना सांभाळून घेतलं आणि जॉर्ज बरोज या पाद्र्याच्या खटल्याला आपण स्वतः हजर होतो, आपणही त्याला सोडला नसता, असं लिहिलं. जूनमध्ये बॉस्टनच्या पाद्र्यांनी दिलेला सल्लाही असाच दोन दगडांवर पाय ठेवून होता. छायेच्या पुराव्याबाबत सावध राहा असं वर म्हणायचं आणि शेवटच्या परिच्छेदात खटले जलद आणि जोमाने चालवा म्हणायचं. कोर्टाने सोयीचा परिच्छेद तेवढा वाचला.

दुसरं इंधन कबुलीजबाबांचं, आणि ते मला छायेपेक्षा जास्त भयंकर वाटतं. सेलममध्ये जो कबूल झाला तो जगला. सुमारे 50 जणांनी कबुली दिली. ती कायम ठेवणाऱ्यांपैकी एकालाही फाशी झाली नाही. जे ‘मी निर्दोष आहे’ म्हणत राहिले ते गेले. सॅम्युएल वॉर्डवेलने आधी कबुली दिली, मग ती मागे घेतली आणि 22 सप्टेंबरला लटकला. आता विचार करा, तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं? आणि नुसतं कबूल होऊन भागत नसे. सोबत कोण होतं तेही सांगावं लागे. म्हणजे एका कबुलीतून चार नवी वॉरंटं. जॉन प्रॉक्टरने जुलैमध्ये तुरुंगातून बॉस्टनच्या पाद्र्यांना पत्र लिहिलं, त्यात आपल्या मुलाकडून कबुली काढायला त्याची मान आणि टाचा एकत्र बांधून नाकातून रक्त येईपर्यंत ठेवलं, असं स्पष्ट लिहिलंय. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात धरायचा नाही हा आपल्याकडचा 1872 पासूनचा नियम काही लोकांना आरोपीचे लाड वाटतो. त्यांना मी हे पत्र वाचायला देतो.

प्रॉक्टरचं पुढे काय झालं? 19 ऑगस्टला फाशी. मात्र त्याआधीच शेरीफने घरातलं सामान उचललं होतं. रॉबर्ट केलफ या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने नोंदवून ठेवलंय की चुलीवरच्या भांड्यातला रस्सा ओतून दिला आणि रिकामं भांडंही नेलं. मुलांना खायला काही उरलं नाही.

हे असं चालू असताना तडे पडत होते. पहिल्या फाशीनंतरच, जूनमध्ये, नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल या न्यायाधीशाने कोर्ट सोडलं. रिबेका नर्स ही सत्तरी ओलांडलेली, गावात मान असलेली बाई. ज्युरीने तिला आधी निर्दोष ठरवलं होतं. मुलींनी आकांत केला, स्टॉटनने ज्युरीला पुन्हा विचार करायला सांगितलं. एका शब्दाचा खुलासा तिला विचारला गेला, तिला कमी ऐकू यायचं, ती गप्प राहिली, आणि निकाल फिरला. बरोजने फासाखाली उभं राहून प्रभूची प्रार्थना एक शब्द न चुकता म्हटली. चेटक्याला ती म्हणता येत नाही अशी समजूत होती, त्यामुळे गर्दी चुळबुळू लागली. घोड्यावर बसलेल्या कॉटन मॅदरने (इन्क्रीस यांचा मुलगा) लोकांना समजावून गप्प केलं. सप्टेंबरमध्ये 80 च्या घरातल्या जाइल्स कोरीने ज्युरीपुढे खटला चालवून घ्यायलाच नकार दिला, म्हणून त्याला अंगावर दगड रचून मारलं. तीनच दिवसांनी, 22 सप्टेंबरला, एकाच दिवशी 8 जणांना फाशी झाली. त्यातल्या मेरी ईस्टीने मागे अर्ज ठेवला होता. आपला जीव वाचवा असं त्यात नाही. आपल्याला मरायचंच आहे हे ती जाणते. फक्त यापुढे निरपराधांचं रक्त सांडू नये म्हणून कबुली देणाऱ्यांना वेगवेगळं ठेवून नीट तपासा, असं ती सुचवते. तपासाची पद्धत न्यायाधीशांपेक्षा तिला जास्त कळत होती.

पण माझ्या मते खरं वळण सेलममध्ये नाही, अँडोव्हरमध्ये आलं. एका माणसाची बायको आजारी पडली म्हणून त्याने सेलमच्या ‘पीडित’ मुलींना गावात बोलावलं, जणू वैद्य बोलवावा तसं. मुलींना गावातलं कुणीच माहीत नव्हतं. मग स्पर्शाची परीक्षा ठरली. 7 सप्टेंबरला लोकांना प्रार्थनागृहात बोलावलं, प्रार्थना झाली, डोळे बांधले आणि एकेकाचा हात झटके येणाऱ्या मुलीवर ठेवला. मुलगी शांत झाली की तो माणूस दोषी. एका दुपारीत दीड डझन माणसं आत. त्या एकट्या गावातून 40 च्या वर आरोपी झाले, खुद्द सेलम व्हिलेजपेक्षा जास्त.

त्यातल्या मेरी टायलरची हकीकत वाचण्यासारखी आहे. तिला घोड्यावरून सेलमला नेताना ब्रिजेस नावाचा नातलग वाटभर सांगत होता की तू चेटकीण असणारच, कबूल हो. ती नाही म्हणत राहिली. सेलमला पोचल्यावर खोलीत एका बाजूला ब्रिजेस, दुसऱ्या बाजूला आणखी एकजण, आणि पुन्हा तेच. शेवटी ती हो म्हणाली. तिच्यासह सहा बायकांनी नंतर लेखी दिलं, त्याचा आशय असा: ते म्हणाले तुम्ही चेटकिणी आहात, आम्हाला ते माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे, आणि तुम्हाला माहीत आहे हे आम्हाला माहीत आहे, तेव्हा आम्हालाच वाटू लागलं की तसं असेल. दाबाखालच्या कबुलीचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्याही निकालपत्रात वाचलेलं नाही. ऑक्टोबरात इन्क्रीस मॅदर तुरुंगात या बायकांना भेटले आणि एकामागून एक कबुल्या मागे घेतल्या गेल्या. कबुल्या गेल्या की बाकी उरतं काय? छाया. आणि ती तर आधीच मोडीत निघाली होती.

अँडोव्हरला आणखी दोन गोष्टी घडल्या. तिथले मॅजिस्ट्रेट डडली ब्रॅडस्ट्रीट यांनी 40 च्या आसपास वॉरंटं काढल्यावर पुढच्या वॉरंटावर सही करायला नकार दिला. लगेच त्यांच्याच नावाने ओरड झाली आणि त्यांना पळावं लागलं. नंतर बॉस्टनच्या एका बड्या माणसाचं नाव घेतलं गेलं. त्याने सरळ 1,000 पौंडांच्या अब्रूनुकसानीचं वॉरंट धाडलं आणि पुरावा द्या म्हणाला. केलफ लिहितो की त्यानंतर अँडोव्हरमधली आरोपांची लाट ओसरली. तोपर्यंत खोटा आरोप करणाऱ्याला एका पैचीही झळ लागत नव्हती.

थोरामोठ्यांच्या बाबतीत न्याय वेगळा होता, हे तेव्हाही लोकांना दिसत होतं. थॉमस ब्रॅटल या बॉस्टनच्या गणिती व्यापाऱ्याने 8 ऑक्टोबरच्या पत्रात ते उघड मांडलं: न्यायाधीश कॉर्विनच्या सासूवर आरोप होऊनही तिला अटक का नाही? गव्हर्नरच्या बायकोचंही नाव कुजबुजीत आलं होतं. फिप्सचा निर्णय निव्वळ त्यामुळे झाला असं सांगायला अनेकांना आवडतं. मला ते अपुरं वाटतं. फिप्स काही विचारवंत नव्हता. मेनमधला जहाज बांधणारा, बुडालेलं स्पॅनिश जहाज शोधून श्रीमंत झालेला माणूस. पण नव्या सनदेमुळे तो राजाला थेट जबाबदार होता. पाद्री फिरले, कबुल्या फिरल्या, उद्या लंडनने विचारलं तर दाखवायला आधार नाही, हे त्याला कळलं. 12 ऑक्टोबरच्या पत्रात, मी बहुतेक काळ सरहद्दीवर होतो, कोर्टाने काय केलं ते उशिरा कळलं, असा सूर त्याने लावला. ते पूर्ण खरं नाही, पण अंग कसं काढून घ्यायचं हे त्याला बरोबर समजलं होतं. 26 ऑक्टोबरला विधिमंडळात उपवासाचा दिवस पाळण्याचा आणि पाद्र्यांचा सल्ला घेण्याचा ठराव 33 विरुद्ध 29 मतांनी मंजूर झाला. म्हणजे 19 फाशींनंतरही सभागृह जवळजवळ निम्मं-निम्मं. तीन दिवसांनी, कोर्ट पुढे बसणार का, या प्रश्नावर फिप्सचं उत्तर न्यायाधीश सीवॉलच्या रोजनिशीत आहे: ते पडलंच पाहिजे.

याच सुमाराचा, नोव्हेंबरमधला, एक छोटा प्रसंग आहे. ग्लॉस्टरच्या कुणीतरी सेलमच्या मुलींना बोलावलं होतं. वाटेत इप्सविचच्या पुलावर एक म्हातारी समोरून आली. मुलींना तिथल्या तिथे झटके आले. चार महिन्यांपूर्वी हे झालं असतं तर संध्याकाळपर्यंत म्हातारी बेड्यांत असती. या वेळी कुणी लक्षच दिलं नाही. मुली उठल्या आणि निघून गेल्या.

जानेवारी 1693 मध्ये नवं वरिष्ठ कोर्ट बसलं. हा भाग मी तरुण वकिलांना आवर्जून सांगतो, कारण प्रयोगशाळेतल्या प्रयोगासारखा आहे. प्रमुख तोच स्टॉटन. पाचातले चार न्यायाधीश जुन्या कोर्टातले. आरोप तेच, मुली त्याच. बदल एकच: छाया चालणार नाही. ज्युरीतल्या कुणीतरी विचारलं, छायेच्या पुराव्याला किती किंमत द्यायची? उत्तर आलं: बिअरच्या काढ्यात पडलेल्या लाकडाच्या ढलप्याइतकी. पन्नासेक जणांतून दोषी ठरले फक्त 3, आणि त्या तिघांनी स्वतः कबुली दिलेली होती. स्टॉटनने त्यांच्यासह आठ जणांच्या फाशीचे हुकूम काढले, फिप्सने ते सगळे थोपवले. बातमी चार्ल्सटाउनच्या कोर्टात पोचली तेव्हा स्टॉटन संतापून उठला आणि न्यायासनावरून निघून गेला.

त्याच चार्ल्सटाउनच्या सत्रात लिडिया डस्टिन या म्हातारीचा खटला चालला. तिच्याविरुद्ध शेजाऱ्यांच्या साक्षींचा ढीग होता. जगात चेटकीण असेलच तर ती हीच, असं लोक म्हणत होते. ज्युरीने तिला निर्दोष सोडलं. पण तेव्हा कैद्याने खाण्याचा, राहण्याचा, अगदी बेड्यांचाही खर्च भरल्याशिवाय तुरुंगातून सुटका नसे, निर्दोष असला तरी. लिडियाकडे पैसे नव्हते. 10 मार्च 1693 ला ती तुरुंगातच वारली. मे महिन्यात फिप्सने उरलेल्यांच्या सुटकेचा हुकूम काढला, तोही याच अटीवर. अगदी पहिली कबुली देणारी, पाद्री सॅम्युएल पॅरिस यांची गुलाम टिट्युबा हिचं बिल भरायला तिच्या मालकाने नकार दिला. शेवटी कुणीतरी ते भरलं आणि त्या बदल्यात तिला विकत घेऊन गेलं.